जोडीचं अक्षर

ज्याला पटायचं त्याला पटेल. नाही पटलं तर उठून जा, मला राग नाही. पण खोटं म्हणू नका. ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट आहे, आणि मावशी अजून जिवंत आहे.

साल ब्याण्णव. गाव यांगशी, सांदूच्या डोंगरात, दुल्यू नदीच्या वरच्या अंगाला. दिवस त्वान सणाचा, म्हणजे आम्हा श्वे लोकांचं नवं वर्ष. भात कापून झालेला, घराघरात दारू गाळून ठेवलेली.

आणि वेळ भर दिवसाची.

भूत रात्रीच येतं असं ज्यानं ठरवलं, तो आमच्या डोंगरात कधी राहिला नसेल. आमच्याकडं सकाळी असं धुकं उतरतं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. भुतांना रात्रीची गरज काय?

सणाला टेकडीवर घोड्यांची शर्यत असते. सपाट मैदानातली नव्हे. खालून वर, चिंचोळ्या वाटेनं, दोन्हीकडं दरड. त्यात ढकलाढकली चालते. चालते म्हणजे काय, त्यातच सगळी मजा. गुडघ्याला गुडघा घासत घोडे वर चढतात. कोणी पडला तर लोक हसतात, पडलेला पण हसतो, माती झटकतो, दारू प्यायला जातो. कोणी कोणावर डूख धरत नाही.

याओमेई मावशी वरच्या टोकाला बायकांत उभी होती. तिचा नवरा युनहाय शर्यतीत होता. दोन सण तोच पहिला आला होता. त्याला मी काका म्हणायला हवं. तोंडाला येत नाही, जाऊ द्या.

त्याच्या शेजारी चंगलिन. वै घराण्यातला एकुलता एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं. काळी घोडी आणि तोंडभर हसू. युनहायनं ती घोडी मागितली होती. पोरगा म्हणाला होता, "दादा, घोडी देतो, पण मग तुम्ही हरायचं कोणाशी?" सगळा बाजार हसला होता.

धुकं जरा फाटलं.

काळी घोडी पुढं निघाली होती. अर्धं अंग पुढं.

आणि मावशीनं बघितलं... युनहायचा हात घोडीच्या लगामाला गेला. ढकललं नाही त्यानं. ढकललेलं चालतं. त्यानं लगाम धरला आणि खेचला. दगडाकडं.

मग धुकं परत मिटलं.

घोडी एकटीच वर आली.

"बुजली," युनहाय सगळ्यांना सांगत होता. "घोडी बुजली. मी काय करणार?"

मावशी काही बोलली नाही. नवरा होता. तुमची बायको बोलली असती का?

आता चंगलिनच्या घरचं थोडं ऐका. त्याचा बाप अक्षरवाला होता. आमची अक्षरं म्हणजे शाळेत शिकवतात ती नव्हेत. आमची अक्षरं बापाकडून मुलाला जातात, बाकी कोणाला येत नाहीत. काही सरळ, काही उलटी, आरशात बघून काढल्यासारखी. मासा, पक्षी, घर... आणि खाली डोकं वर पाय केलेला माणूस. तो कोणीही ओळखतो, जुन्या थडग्यांवर असतो. पण नुसतं अक्षर बघून काही उपयोग नाही. अर्धं अक्षर कागदावर, अर्धं तोंडात. ते तोंडातलं मुलाच्या कानात घालून पाठ करून घेतात. लग्न, घर, मयत, सगळ्याची तिथी त्यावरून निघते. आणि काही अक्षरं अशी की ती कोणाच्या नावानं काढली तर तो माणूस उरत नाही.

बाप आधीच गेला होता. आता पोरगा गेला. राहिली एकटी वैकाकू, चंगलिनची आई.

आणि खरं सांगू? गाव मनातून सुटल्यासारखं झालं. लोक म्हणाले, चला, आता सूड घ्यायला त्या घरात अक्षर येणारं कोणी नाही. बाईला काय येतं? बायकांनी अक्षराला हातपण लावायचा नाही.

तिथंच सगळं गाव चुकलं.

मयताला तिथी लागते. चांगली तिथी येईपर्यंत मयताची पेटी झोपडीत ठेवतात, आणि तोवर भाऊबंदांनी मांस खायचं नाही. मासे चालतात. कधी कधी महिने जातात. पण युनहायला घाई. एकदा माती पडली की आमच्यात भांडण मिटलं. मग कोणी विचारत नाही, लगाम कुठं होता आणि हात कुठं.

तो लोकांत बोलत फिरला. "सणासुदीचं भाऊबंदांना किती दिवस मासे चघळायला लावणार? उरका की."

शेजारच्या गावचा लूबाबा तिथी काढायला आला. म्हातारा, पोट सुटलेला, लग्नाकार्यांत रमणारा. युनहायनं त्याला एक शिंगरू दाखवलं. लूबाबानं पोथी उघडली, बोट फिरवलं, आणि म्हणाला, "परवाचा दिवस चांगला आहे."

मग पंच बसले. पोरगा युनहायच्या शेजारी असताना गेला, म्हणजे काहीतरी देणं आलंच. सगळ्यात म्हातारे पंच म्हणाले, "वैबाई, बोल. रेडा घे, घोडा घे, वरचं शेत घे. काय हवं?"

वैकाकू खाली बघून बसली होती. रडत नव्हती.

"रेडा माझ्या पेटीला खांदा देणार नाही," ती म्हणाली. "मला मुलगा द्या."

"म्हणजे?"

"युनहाय. त्याला माझा मुलगा करा. उद्याच करा, माती पडायच्या आत. म्हणजे चंगलिन भावाच्या खांद्यावरून जाईल."

पंचांचे डोळे भरून आले हो. बायका तोंडाला बाही लावून रडल्या. काय मन आहे बाईचं, काय माया.

युनहाय घरी आला तो हसतच. "स्वस्तात सुटलो बघ," तो मावशीला म्हणाला. "दोन मोळ्या लाकडं टाकायची आणि आई म्हणायचं."

"अहो, हळू बोला."

"का? मेलेला ऐकतोय?"

दुसऱ्या दिवशी वैकाकूनं त्याला चुलीपाशी बसवलं. आपल्या हातानं चिकट भाताचा घास भरवला. पांढरं फडकं त्याच्या डोक्याला बांधलं, मागं गाठ मारली. पूर्वजांना नाव सांगितलं. रीतीप्रमाणं तो त्या घरचा थोरला मुलगा झाला.

आणि ठरलेल्या दिवशी माती पडली.

खड्ड्याशी लूबाबा तिथीचा पाठ म्हणत होता. मावशी वैकाकूच्या मागं उभी होती. तिला वाटलं, म्हातारी रडतेय, ओठ हलतायत.

मग तिनं नीट बघितलं...

वैकाकूचे ओठ पाठ म्हणत होते. आवाज नाही. पण लूबाबाच्या एक शब्द पुढं.

लूबाबा एका ठिकाणी अडखळला. मधलं काहीतरी गिळून पुढं गेला.

वैकाकूचे ओठ अडखळले नाहीत.

त्या दिवशी दुपारी मावशी घरी डुकराचं मांस चिरत होती. आमची घरं लाकडी, खांबांवर. वर माणसं, खाली जनावरं. युनहायचा घोडा बाहेर माळावर चरत होता, खिडकीतून दिसत होता.

आणि खाली गोठ्यात...

टाप.

मग थांबून, टाप टाप.

मावशीनं सुरी ठेवली. परत बाहेर बघितलं. घोडा माळावरच. मान खाली घालून चरतोय.

खाली फुरफुरल्याचा आवाज आला. लगामाची कडी वाजली.

ती जिना उतरली. गोठा रिकामा. गवत जसंच्या तसं. फक्त मधल्या खांबावर, तिच्या छातीएवढ्या उंचीवर, काजळीनं काहीतरी काढलेलं.

खाली डोकं, वर पाय. माणूस.

त्याच्या शेजारी दोन उभ्या रेघा. नुसत्याच. वरच्या बाजूला.

युनहायनं बघितलं आणि खेकसला. "कारट्यांचं काम." ओल्या गवतानं पुसून टाकलं.

सकाळी ते परत होतं. आणि आता त्या दोन रेघांना खाली एक धड जोडलेलं.

मग मावशीला कळलं, रेघा म्हणजे पाय. शेजारी दुसरा माणूस काढत होतं कोणीतरी. पायाकडून सुरुवात करून.

पुसलं की परत. पुसलं की परत. दर वेळी थोडं पुढं. एक हात आला. तो पहिल्या माणसाच्या हातात.

घोडा गोठ्यात शिरेना. ओढला तर मागच्या पायांवर उभा राही. कुत्रं भुंकायचं बंद झालं. भुंकलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नुसतं खांबाकडं बघून शेपूट हलवायचं, ओळखीचं माणूस आल्यासारखं.

एका सकाळी धुकं दारापर्यंत आलेलं. युनहाय जिन्यात बसून बूट चढवत होता. मावशी त्याच्या मागं.

आणि धुक्यातून, अगदी जवळून...

"दादा."

युनहायचा हात बुटावरच राहिला.

"दादा, चला ना. लावू परत शर्यत."

आवाज हसरा होता. मावशी सांगते, तेच सगळ्यात वाईट. रागावलेला असता तर हात तरी जोडले असते.

युनहाय पांढराफटक पडला. पण माणूस हेकट. "वाऱ्याचा आवाज," म्हणाला, आणि दिवसभर घराबाहेर पडला नाही.

मावशी बाहेर पडली. डोंगर उतरून थेट लूबाबाच्या घरी गेली. म्हातारा मासा खात होता, पोटात लसणीची पात भरलेला. अंगणात ते शिंगरू बांधलेलं.

"ये पोरी, जेव."

"जेवायला नाही आले. आमच्या खांबावर अक्षर उमटतंय. उलटा माणूस, आणि शेजारी दुसरा."

लूबाबानं मासा बाजूला सारला. "हात धरलेत एकमेकांचे?"

"हो."

"मग मला काही विचारू नकोस. मी लग्नं लावणारा माणूस. घर कधी बांधावं, गाय कधी विकावी, हे विचार."

"बाबा, शिंगरू छान आहे."

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली. 

"जोडीचं अक्षर म्हणतात त्याला," तो शेवटी म्हणाला. "ज्या दिवसावर ते पडतं त्या दिवशी माती द्यायची नसते. दिली तर त्याच घरातला अजून एक जातो. पहिला येऊन हात धरून नेतो."

"आणि तो दिवस तसा होता?"

"तसाच होता."

"आणि तुम्ही चांगला म्हणालात?"

"अगं, त्या घरात उरलं होतं कोण? एक म्हातारी. मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, या दिवशी दिली तर ती जाईल. लपवून नाही ठेवलं." तो तिच्याकडं बघेना. "तो म्हणाला, जाऊ दे. नाहीतरी तिचं कोण आहे."



"मला काय माहीत," लूबाबा पुटपुटला, "की मधल्या दिवशी ती त्याला मुलगा करून घेईल. आता त्या घरात दोघं. आणि पोरगा आईचा हात धरेल होय?"

"बाबा, यावर उपाय?"

"माझ्याकडं नाही. त्या घराच्या मालकिणीकडं आहे. ती फडक्याची गाठ सोडेल तर तो त्या घरचा नाही. जा. आणि मी सांगितलं म्हणू नकोस."

वैकाकू दारात उन्हाला बसली होती. घोड्याच्या शेपटीच्या केसाला पांढरा रेशमी दोरा गुंडाळत होती. आमच्या बायकांचं भरतकामच तसं, आत केस, वर रेशीम. केस काळा होता आणि लांब.

"या सूनबाई," ती म्हणाली. "लाकडं आणली नाहीत आज थोरल्यानं?"

मावशी तिच्या पायाशी बसली. "काकू, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"तिथी."

"बाईमाणसाला कुठं अक्षर कळतं गं?" वैकाकूनं दोरा ताणून बघितला. "चंगलिनचा बाप हिवाळाभर चुलीपाशी त्याला पाठ द्यायचा. मी बाजूला हेच करत बसायची. पोरगा विसरायचा. फार विसरायचा. पुढचा शब्द माझ्या ओठावर असायचा, पण सांगितला असता तर बापानं दोघांना झोडलं असतं. मग मी खोकायची. खोकल्यावर त्याला आठवायचं." ती हसली. जरासंच. "एवढा खोकला मला कधी आला नसेल."

मावशी रडायला लागली. "त्याला सोडा. पाया पडते."

"तू वरती उभी होतीस ना त्या दिवशी?"

मावशीनं नुसती मान हलवली.

"धुकं फाटलं तेव्हा तू तोंडावर हात ठेवलास. मी तुझ्याकडं बघत होते. घोड्यांकडं बघायला मला भीती वाटते म्हणून." तिनं दोरा परत गुंडाळायला घेतला. "तू बोलली असतीस तरी मी काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या, छाती पिटली असती. आणि माती चांगल्या दिवशी पडली असती."

"मी आता सांगते. सगळ्यांना सांगते."

"तुझं तोंड नको मला. त्याचं हवंय. टेकडीवर येऊ दे, पंचांसमोर, जिथं माझं पोर पडलं तिथं. हात कुठं होता ते सांगू दे. मी गाठ सोडते."

"मग... मग तो कोणाला नेईल?"

"घरात मग मीच राहते ना."

हे ती असं म्हणाली, जसं तुम्ही म्हणाल, भात मीच लावते.

"मी तयारच होते गं. तिथी ऐकली तेव्हाच. मला वाटलं, बरं झालं, येईल पोरगा, जाऊ बरोबर." तिनं मान वर केली. "मग कळलं, तुझ्या नवऱ्यालापण तेच हवंय. मग नाही म्हटलं."

मावशीनं घरी येऊन युनहायला सगळं सांगितलं. त्यानं आरडाओरडा केला, वाटी फेकली. "एका बाईच्या वेडासाठी मी गावासमोर खुनी होऊ? वैंची तरणी पोरं मला तिथंच चिरतील."

"मग खाली जाऊन खांब बघून या."

तो गेला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा भिंतीला धरून आला.

दुसरा माणूस पुरा झाला होता. पाय, धड, दोन्ही हात.

फक्त डोकं राहिलं होतं.

"उद्या जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर पंच जमले. वै घराण्यातली माणसं एका अंगाला, हाताची घडी घालून. धुकं वाटेवर बसलं होतं, खालचं काही दिसत नव्हतं. युनहाय घोड्यावरून आला, डोक्याला ते पांढरं फडकं. चालत ये म्हणून मावशीनं विनवलं होतं. पण चालत गेला तर भ्यायला म्हणतील, असं त्याला वाटलं.

तो उतरला तशी वैकाकू त्याच्या मागं उभी राहिली. दोन्ही हात त्याच्या डोक्यामागच्या गाठीवर ठेवले. बोटं तयार.

"बोल बाबा," पंच म्हणाले. "काय सांगायचंय ते सांग."

युनहायनं तोंड उघडलं. "त्या दिवशी... घोडी पुढं गेली. माझा हात..."

गाठीचं एक टोक सुटलं. मावशीनं बघितलं. वैकाकूची बोटं खरंच सोडत होती.

"माझा हात तिच्या लगामाला गेला."

वै पोरांतला एकजण पुढं सरकला. फक्त एक पाऊल.

युनहायनं त्याच्याकडं बघितलं.

"सांगा ना," मावशी म्हणाली. "अहो, सांगून टाका."

"गेला, कारण घोडी बुजली होती," युनहाय म्हणाला. "मी तिला आवरायला गेलो. पोराला वाचवायलाच गेलो होतो मी."



वैकाकूनं डोळे मिटले. उघडले. मग सुटलेलं टोक परत घेतलं, आत ओवलं, आणि घट्ट ओढलं.

"गाठ सैल झाली होती, बाळा," ती म्हणाली, आणि त्याच्या गालावरून हात फिरवला.

युनहायला वाटलं सुटलो. चेहऱ्यावर रंग आला हो त्याच्या. घोड्यावर बसला, आणि खाली निघाला. धुक्यानं आधी घोड्याचे पाय घेतले, मग घोडा, मग तो.

टापा ऐकू येत होत्या. उतारावरच्या, सावकाश.

मग...

टापा दुप्पट झाल्या.

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. सगळ्यांनी ऐकलं, एकट्या मावशीनं नाही. दोन घोडे. शेजारी शेजारी. आणि आता पळत. उतारावर कोणी घोडा पळवत नाही, वेडासुद्धा.

खालून कोणीतरी हसलं. तरणं, मोकळं हसू.

मग काहीच नाही.

मावशी धावत गेली. घोडा वाटेत उभा होता, घामानं निथळत. युनहाय त्या दगडापाशी. डोकं उताराकडं, पाय वर. एक हात बाजूला लांब पसरलेला, मूठ अर्धी मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. अंगावर ओरखडा नाही.

ओल्या मातीत दोन घोड्यांचे खूर होते. तिथपर्यंत. पुढं एकाचेही नाहीत.

मयताला मग वैकाकू आईसारखी रडली. मावशी म्हणते, ते खोटं नव्हतं. तसलं रडू उसनं आणता येत नाही. छाती पिटून, नाव घेऊन, "माझी दोन्ही गेली" म्हणून रडली. रीतीनं मयत तिचंच होतं. पेटी तिच्या अंगणातून निघायची.

तिथी काढायला लूबाबाला बोलावणं गेलं. आजारी आहे म्हणून निरोप आला.

"मी काढते," वैकाकू म्हणाली.

पंच बसल्या जागी बसले. बाईनं अक्षर बोलायचं नाही, हे म्हणायची कोणाची छाती झाली नाही. तिनं चुलीतली राख पाटावर पसरली, बोटानं अक्षरं काढली, आणि पाठ म्हटला. मोठ्यानं, न अडखळता. मग पाटावरची राख फुंकून टाकली आणि दिवस सांगितला.

त्या दिवशी माती पडली.

मावशीला पोरबाळ नव्हतं. माहेरी चल म्हणून माझी आई तिला आणायला गेली. ती आली नाही. "सासूला टाकून कुठं येऊ?" म्हणाली. वैकाकूच्या घरी राहायला गेली ती तिथलीच झाली.

मी मोठा झाल्यावर एकदा तिला भेटायला गेलो. दोघी दारात बसलेल्या, मधे घोड्याच्या केसांची जुडी. म्हातारी आता पार वाकलेली, पण डोळे लख्ख. मावशीला मी बाजूला घेतलं.

"तुला छळते का गं ती?"

"नाही रे. पहिला घास मला देते. आई आहे माझी."

"एक विचारू? युनहायची तिथी तिनं काढली. चांगली होती ना?"

मावशीनं दारातल्या म्हातारीकडं बघून घेतलं.

"मी विचारलं नाही," ती म्हणाली.

"का?"

"सांगेल म्हणून."

मी निघालो तेव्हा म्हातारी माझ्याकडं निरखून बघत होती. आधी माझा चेहरा, मग खांदे, हात. बाजारात घोडा बघतात तसं. मग तिनं मावशीच्या मांडीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं. मी ऐकलं, कारण तेवढ्यात वारा पडला होता.

"सूनबाई, पोरगा गुणी दिसतो. याला आई आहे का?"

"आहे," मावशी चटकन म्हणाली. जरा जास्तच चटकन.

मागच्या पावसाळ्यात माझी आई वारली.

मावशीला निरोप द्यायला हवा, सख्खी बहीण आहे. पण तिला कळलं की म्हातारीलापण कळणार. सगळे मला रोज विचारतात, कळवलंस का. मी म्हणतो, कळवतो.

अजून कळवलं नाही.